घरात ड्रम किट रेकॉर्ड करायचंय? चार माइकपासून सुरुवात करा

ड्रम किट रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती माइक लागतील? किक (पेडलने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), दोन टॉम, फ्लोअर टॉम, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी थाळ्यांची जोडी) आणि वर दोन-तीन सिम्बल (थाळ्या). प्रत्येकाला एक म्हटला तरी आठ-नऊ माइक होतात. शिवाय तेवढे स्टँड, तेवढ्या केबल आणि तेवढ्या इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारी पेटी). खर्चाचा हा आकडा डोळ्यांसमोर आला की बरेच जण बेत गुंडाळतात आणि कॉम्प्युटरवरच्या तयार सॅम्पलकडे वळतात. तसं करायची काहीच गरज नाही. अख्खं किट हे एकच वाद्य आहे असं धरून चाला. दोन माइकमध्ये ते पूर्ण आणि तोलून ऐकू आलं की अर्ध्याहून जास्त काम झालं. पुढचा प्रत्येक माइक जे कमी पडतंय ते भरून काढण्यापुरता लावायचा.

उदाहरण म्हणून फ्लॅटमधली दहा बाय बारा फुटांची बेडरूम धरू, जिथे साडेनऊ फुटांवर स्लॅब आहे. किट पाच ड्रमचं: २२ इंची किक, १४ इंची स्नेअर, १० आणि १२ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम. इंटरफेसला चार माइक इनपुट. माझ्या मते शिकायला यापेक्षा चांगली मांडणी नाही, कारण चारच माइक असले की प्रत्येकाच्या जागेचा विचार करावाच लागतो.

आपल्याकडे खूप ड्रमर ऑर्केस्ट्रा किंवा बँजो पार्टीतल्या ऑक्टोपॅडवरून किटकडे येतात. ऑक्टोपॅडचा आवाज तयार होऊनच केबलमधून बाहेर पडतो, खोली कशीही असली तरी त्याला फरक पडत नाही. किटच्या बाबतीत मात्र माइकमध्ये जे जातं त्यात खोलीचा वाटा मोठा असतो. म्हणून माइक हातात घ्यायच्या आधी खोली बघायची.

आधी शेजारी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. किटजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. भिंतीला फोम लावून हा आवाज बाहेर जायचा थांबत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, शेजारच्या घराशी त्याचा काही संबंध नाही. आवाज अडवायला वजनदार भिंत, घट्ट बसणारं दार आणि बंद फटी लागतात. भाड्याच्या घरात यातलं फार तर दाराच्या फटीला रबरी पट्टी लावणं जमतं.

खालच्या मजल्यावरच्यांना खरा त्रास होतो तो किकच्या पेडलचा, कारण तो धक्का थेट स्लॅबमधून उतरतो. त्यावर घरगुती उपाय आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे दोन थर घ्या आणि मध्ये दर फुटाला एक याप्रमाणे जुने टेनिस बॉल बसवा. बॉल घरंगळू नयेत म्हणून खालच्या प्लायला थोड्या लहान व्यासाची भोकं पाडा. वर सतरंजी अंथरून तिच्यावर किट मांडा. आवाज पूर्ण थांबत नाही, पण खालच्या घरात पोहोचणारी धडधड बरीच कमी होते. याखेरीज सोसायटीत आधी सांगून ठेवा आणि दुपारी एक ते चार ही वेळ सोडून द्या. सकाळी अकरा ते एक किंवा संध्याकाळी साडेचार ते सात या वेळेला सहसा कोणाची हरकत नसते.

कानांचीही काळजी घ्या. छोट्या खोलीत तासन्‌तास वाजवायचं तर कानात इअरप्लग किंवा वर जाडसर बंद हेडफोन हवेतच.

किट खोलीत कुठे ठेवायचं

दहा फुटांच्या समांतर भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमतो, साडेनऊ फुटांच्या फरशी आणि छतामध्ये ५९चा आणि बारा फुटांच्या बाजूला ४७चा. बावीस इंची किकचा मूळ सूर बहुधा ५० ते ६५ हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे या खोलीचे दोन घुमारे नेमके किकच्याच सुरावर एकावर एक बसतात. त्यामुळे छोट्या खोलीतली किक एका जागी उभं राहिल्यावर अंगावर येते आणि दोन पावलं सरकल्यावर पोकळ लागते.

याला गणितापेक्षा कानच कामाला येतात. फ्लोअर टॉम उचला आणि खोलीत पाच-सहा ठिकाणी ठेवून एकाच जोराने वाजवा. कुठे आवाज भरीव आणि मोकळा वाटतो, कुठे नुसता गुंगतो, कुठे बसतो, हे लगेच कळतं. कोपरा जवळपास नेहमीच गुंगतो. अगदी मध्यबिंदूवर खालचा सूर हरवतो. बारा फुटांच्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर, छोट्या भिंतीकडे पाठ करून बसलं तर बहुतेक खोल्यांत बरं जमतं. पण तुमच्या खोलीत कपाट, पलंग, खिडकी कुठे आहे त्यावरही ते ठरणार, तेव्हा टॉम फिरवून बघाच.

मग छत. किटच्या बरोब्बर वर, स्लॅबपासून दोन इंच सोडून, रॉकवूलचा (दगडी तंतूंच्या गादीचा) पॅनेल टांगता आला तर तुमच्या खोलीत यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडणार नाही. घनमीटरला ४८ किलो घनतेचा, ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल घ्या. तो चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटीत बसवून सुती कापडाने सगळीकडून झाका. असे दोन पॅनेल शेजारी-शेजारी पुरतात. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घाला, त्याचे तंतू त्वचेला आणि घशाला खाजवतात. स्लॅबला टांगायचे म्हणजे हूक नीट ठोकलेले हवेत, कारण खाली माणूस बसणार आहे.

कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करा, खिडकीवर जाड गोधडी टांगा. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते वरचे सूर थोडे विखुरतात आणि खालच्या सुरांना हातही लावत नाहीत. एक इंची फोमने सगळ्या भिंती मढवल्या तर अशीच गत होते: सिम्बल मेलेले आणि किक घुमणारी.

किट रेकॉर्डिंगला तयार करणं

वाईट ट्यून केलेला ड्रम कुठल्याही माइकने सुधारत नाही. हेड (ड्रमवर ताणलेले पडदे) फार जुनी, मध्ये खड्डा पडलेली असतील तर निदान स्नेअर आणि टॉमची वरची हेड बदला. नव्या माइकच्या आधी हा खर्च करावा असं मी आग्रहाने सांगेन.

ट्यूनिंगचा क्रम असा. हेड बसवून सगळे लग (कडेचे ताण देणारे स्क्रू) बोटांनी घट्ट करा. मग ड्रम-कीने एक लग पाव फेरा, मग त्याच्या समोरचा पाव फेरा, असं समोरासमोर जात राहा. हेडवरच्या सुरकुत्या गेल्या की प्रत्येक लगपासून एक इंच आत काडीने हलके टकटक करून सूर ऐका. एखाद्या ठिकाणी सूर खाली असेल तर तेवढाच लग वर घ्या. सगळीकडे एकच सूर आला की ड्रम स्वच्छ बोलतो आणि घोंगावणं आपोआप कमी होतं. खालचं हेडही याच पद्धतीने, वरच्याइतकंच किंवा थोडं जास्त ताणा. स्नेअरचं खालचं हेड फार पातळ असतं, त्यावर काडी मारू नका.

उरलेला गुंजारव दाबायला मेडिकलच्या दुकानातली कापडी टेप आणि गॉजची छोटी घडी पुरते. हेडच्या कडेला, मारायच्या जागेपासून लांब लावा. एक लावून ऐका, गरज वाटली तरच दुसरी. किकच्या आत एक गोधडी घडी करून अशी ठेवा की ती दोन्ही हेडना जेमतेम टेकेल.

किट वाजवून दुसऱ्या माणसाला जवळून ऐकायला सांगा. पेडल कुरकुरतं का, स्टूल करकरतं का, सिम्बलच्या स्टँडवरचं नायलॉनचं नळकांडं झिजून धातूला धातू घासतोय का? पेडलच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडा. सिम्बल स्वस्त पितळी पत्र्याचे असतील तर रेकॉर्डिंगपुरते मित्राकडून चांगले मागून आणा. ओव्हरहेड (किटच्या वर लावलेल्या) माइकमध्ये सिम्बलच सर्वात ठळक येतात आणि त्यांचा कर्कशपणा नंतर काढता येत नाही.

आता ड्रमरला सांगायची गोष्ट, आणि तुम्हीच ड्रमर असाल तर स्वतःला: ड्रम जोरात, सिम्बल हलके. मंचावर हाय-हॅट उघडून झोडपायची सवय लागलेली असते. छोट्या खोलीत तोच हाय-हॅट प्रत्येक माइकमध्ये घुसतो आणि स्नेअर मागे ढकलतो. नंतर मिक्समध्ये झगडण्यापेक्षा आताच वाजवण्यातून तोल साधा. माझ्या लेखी चांगला रेकॉर्डिंग ड्रमर ओळखायची ही पहिली खूण आहे.

सामान काय घ्यायचं

चार माइक इनपुटचा इंटरफेस, उदाहरणार्थ बेहरिंगर यूएमसी४०४एचडी. पुढे आठ माइक लावायचेच असं नक्की असेल तर फोकसराइट स्कारलेट १८आय२० सारखा आठ माइक इनपुटचा. दोनच इनपुटचा इंटरफेस आधीच घरी असेल तर नवा घ्यायच्या आधी त्याच्यावर दोन माइकची मांडणी करून बघा, ती खाली येतेच आहे.

माइकमध्ये दोन एकसारखे कंडेन्सर, एक किकचा आणि एक स्नेअरचा. कंडेन्सर हे विजेवर चालणारे माइक, त्यांच्या जोडीला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच मिळणारी वीज) लागतो, तो इंटरफेसमधून मिळतो. किकसाठी शुअर बीटा ५२ए, एकेजी डी११२ किंवा ऑडिक्स डी६ यांपैकी कोणताही. स्नेअरसाठी शुअर एसएम५७. १९६५ साली बाजारात आलेला हा डायनॅमिक माइक आजही जगभरच्या स्टुडिओंत स्नेअरवर दिसतो, तो दणकट आहे आणि चुकून काडी बसली तरी सहसा मरत नाही. फक्त याच्या नकला बाजारात भरपूर फिरतात. अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिलासकट घ्या, फारच स्वस्त मिळाला तर शंका घ्या.

स्टँड हलके घेऊ नका. ओव्हरहेडचा बूम स्टँड लांब हात करून उभा असतो, पाय हलका असेल तर तो हळूहळू कलतो. पायावर वाळूची पिशवी ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमटपणाने ते चरचरायला लागतात.

वरचे दोन माइक: इथे वेळ घालवा

तुमच्या रेकॉर्डिंगचा खरा आवाज इथे ठरतो. यात एक दुपार गेली तरी चालेल.

सर्वसाधारण पद्धतीत दोन ओव्हरहेड माइक सिम्बलच्या दोन-तीन फूट वर, डावीकडे आणि उजवीकडे लावतात. उंच छताच्या स्टुडिओत ते उत्तम चालतं. साडेनऊ फुटांच्या स्लॅबखाली मात्र माइक सात फुटांवर गेला की स्नेअरचा छतावरून आपटून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा जेमतेम सहा डेसिबल कमी असतो, आणि दोन्ही मिसळून एक डबडबीत, पेटीत कोंडल्यासारखा रंग येतो. म्हणून घरासाठी मी दुसरी पद्धत सुचवतो. ती ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाते. लेड झेपेलिन या रॉक बँडचा पहिला अल्बम १९६८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्यानेच मुद्रित केला.

पहिला माइक स्नेअरच्या मध्यापासून ४० इंच सरळ वर, तोंड खाली स्नेअर आणि किकच्या पेडलकडे. काड्या लागत असतील तर किंचित पुढे सरकवा. स्नेअर जमिनीपासून सव्वादोन फुटांवर धरला तर हा माइक साडेपाच फुटांच्या आसपास येतो आणि वर छतापर्यंत चार फूट मोकळे राहतात. छतावरून येणारा आवाज आता थेट आवाजापेक्षा साधारण दहा डेसिबल खाली जातो. वर रॉकवूल असेल तर आणखी खाली.

दुसरा माइक फ्लोअर टॉमच्या बाहेरच्या बाजूला, त्याच्या कडेपेक्षा वीतभर उंच, टॉमवरून आडवा स्नेअर आणि हाय-हॅटकडे बघणारा. याचंही स्नेअरच्या मध्यापासून अंतर ४० इंच.

हे ‘याचंही ४० इंच’ नजरेने ठरवायचं नाही, मोजायचं. सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या बरोब्बर मध्यावर बोटाने दाबून धरा, दुसरं पहिल्या माइकच्या तोंडापर्यंत ताणा आणि तिथे गाठ मारा. मग स्नेअरवरचं टोक न हलवता तीच गाठ दुसऱ्या माइकच्या तोंडापाशी न्या आणि माइक पुढे-मागे करून जुळवा.

याचं कारण असं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळजवळ ०.९ मिलिसेकंद. एक माइक स्नेअरपासून फूटभर जास्त लांब असेल तर काडीचा तोच ठोका त्यात ०.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही माइक एकत्र केले की ५६० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध पडून कापल्या जातात, आणि तिथे तर स्नेअरचं अंग असतं. हेडफोनवर फरक चटकन कळत नाही, पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर गाणं लावलं की स्नेअर पातळ होऊन जातो. यालाच फेजचा घोळ म्हणतात आणि घरगुती ड्रम रेकॉर्डिंग फुसकं वाटण्याचं ते सर्वात मोठं कारण असतं.

दोन्ही माइक लावले की फक्त तेवढ्यावर एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन ट्रॅक मोनो करून, म्हणजे एकातच मिसळून, ऐका. किक ऐकू येतेय? स्नेअर मध्यात आहे? एखादा क्रॅश (जोरात फुटणारा मोठा सिम्बल) डोकं वर काढतोय? क्रॅश जास्त येत असेल तर पातळी कमी करायच्या आधी सिम्बल थोडा खाली किंवा लांब करा. फ्लोअर टॉम फार मोठा येत असेल तर दुसरा माइक थोडा वर घ्या आणि सुतळीने अंतर पुन्हा जुळवा. स्टिरिओत पसरवताना वरचा माइक एका बाजूला निम्माच सरकवा आणि टॉमकडचा दुसऱ्या बाजूला पूर्ण. दोन्ही टोकाला नेले तर स्नेअर एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो.

एवढ्यावर ऐकून पाय हलायला लागला तरच पुढे जा. नसेल तर अजून माइक लावून उपयोग नाही, पुन्हा ट्यूनिंग किंवा खोलीकडे वळा.

किक

पुढच्या हेडला भोक असेल तर माइक त्या भोकाच्या तोंडाशी ठेवून सुरुवात करा. आत ढकलत नेला की ठोक्याचा टोकदार ‘टक्’ वाढतो, बीटरपासून (पेडलच्या हातोडीपासून) दोन-तीन इंचांवर तो सर्वात तीव्र असतो. बाहेर काढला की खालचा भरीवपणा येतो आणि टोक बोथट होतं. रॉक आणि मेटलला आतलं टोक हवं, संथ चालीच्या गाण्याला बाहेरचं. भोक नसेल तर हेडपासून तीन-चार इंचांवर, मध्यापासून थोडा बाजूला लावा, आणि माइकवरून किकच्या पुढच्या बाजूपर्यंत गोधडीचा बोगदा करा, म्हणजे सिम्बल आत कमी शिरतील.

भोकाच्या अगदी तोंडाशी हवेचा झोत येतो. फुस्स ऐकू आलं तर माइक इंचभर बाजूला घ्या.

स्नेअर

एसएम५७ हाय-हॅट आणि टॉमच्या मधल्या फटीतून आणा. स्नेअरच्या कडेच्या इंच-दीड इंच वर, साधारण ३० ते ४५ अंशांत खाली झुकलेला, तोंड हेडच्या मध्याकडे. हा माइक पाठीकडून येणारा आवाज सर्वात कमी घेतो, तेव्हा त्याची शेपटी हाय-हॅटकडे येईल अशी दिशा शोधा. पाच-दहा अंश फिरवलं तरी हाय-हॅट लक्षणीय उतरतो. हेडच्या जास्त जवळ, कडेशी गेलात तर गुंजारव जास्त येतो. मध्याकडे रोखलात तर ठोका.

टॉमना वेगळे माइक या मांडणीत नाहीत आणि बहुतेक गाण्यांत ते लागतही नाहीत. टॉमवरच उभं असलेलं गाणं असेल आणि इनपुट शिल्लक असतील तर कडेपासून दोन-तीन इंच वर, मध्याकडे रोखून लावा. हाय-हॅटचा माइक तर मी लावूच नका म्हणेन, तो न बोलावता सगळीकडे हजर असतो. स्नेअरच्या खालून माइक लावलात तर त्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून सुरुवात करा, कारण ठोका पडताच वरचं हेड वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं.

पातळी आणि फेज तपासणं

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा. ड्रमरला गाण्यातला सर्वात जोरदार भाग वाजवायला सांगा आणि मीटरवर टोकं उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहतील असा गेन (इनपुटची पातळी) ठेवा. खऱ्या टेकमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड करताना, ड्रमर तपासणीपेक्षा जोरात वाजवतोच. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी राहिली तर काही बिघडत नाही, पण वर आपटून फाटलेला ठोका परत मिळत नाही. कंडेन्सर माइकवर पॅडचं (आवाज घटवण्याचं) बटण असेल आणि गेन शून्यावर असतानाही फाटत असेल तर ते चालू करा.

मग फेज. सगळं मोनो करा. दोन वरचे माइक चालू ठेवून किकचा ट्रॅक आणा आणि त्याचं पोलॅरिटीचं बटण दाबून-सोडून ऐका. ज्या स्थितीत खालचा भाग भरतो ती ठेवा. नंतर स्नेअर आणा आणि तसंच करा. रीपर, आर्डर, कुठलंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर असो, हे बटण असतंच. दोन्ही स्थितींत आवाज पोकळच वाटला तर माइक इंचभर हलवा. स्क्रीनवर स्नेअरचा एक ठोका मोठा करून बघितलात तर वरच्या दोन्ही ट्रॅकमध्ये तो एकाच रेषेवर सुरू झालेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर पुन्हा सुतळी काढा.

जमलेल्या मांडणीचे मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि स्टँडच्या पायांभोवती फरशीवर टेप लावा. सतरंजी ओढली गेली, कोणी मध्ये झाडू मारला तरी सगळं जागच्या जागी आणता येतं.

रेकॉर्डिंगचा दिवस

पंखा आणि एसी बंद. मे महिन्यात हे कठीण जातं, म्हणून दोन टेकनंतर दार उघडून दहा मिनिटं थांबा. घामाने काडी सटकली की टेकही सटकतो. स्वयंपाकघरात कुकर लागलेला नाही ना, सोसायटीचा पाण्याचा पंप केव्हा सुरू होतो, हे आधीच विचारून घ्या. पुण्यात गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने असतील तर संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ढोलाचा खालचा सूर बंद खिडकीतूनही येतो, तेव्हा त्या काळात सकाळची वेळ धरा.

क्लिक ट्रॅक (लय धरून ठेवणारी टिकटिक) बंद हेडफोनमध्येच द्या आणि पुरेसाच मोठा ठेवा, नाहीतर शांत भागात तो वरच्या माइकमध्ये उतरतो. गाण्याच्या शेवटच्या क्रॅशनंतर क्लिक थांबेल अशी सोय करा. ऐकताना आवाज मागे पडतोय असं वाटलं तर सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा किंवा इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे थेट इंटरफेसमधून ऐकणं, वापरा.

पूर्ण गाणं सलग वाजवा. तुकडे जोडून केलेल्या ड्रमपेक्षा एक-दोन किरकोळ चुका असलेला सलग टेक जास्त जिवंत लागतो, निदान मला तरी. तीन-चार चांगले टेक हातात आले की थांबा. प्रत्येक टेकआधी स्नेअरचे लग तपासा, जोरात वाजवल्यावर काडी बसते त्या बाजूचे लग सैल होतात. शेवटच्या सिम्बलची गुंज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही आणि रेकॉर्डिंग थांबवायचं नाही.

एखादा इनपुट शिल्लक असेल तर एक माइक दाराबाहेर पॅसेजमध्ये, भिंतीकडे तोंड करून लावून बघा, दार अर्धवट उघडं ठेवून. फरशी आणि कोऱ्या भिंतींचा जो प्रतिध्वनी तिथे मिळतो तो मिक्समध्ये थोडासा घातला तर छोटी बेडरूम मोठी वाटायला लागते.

मिक्सची पहिली पावलं

वरचे दोन माइक आधी, बाकी सगळं बंद. मग किक हळूहळू वर आणा, ती जाणवायला लागली की थांबा. स्नेअर तसाच. किकमध्ये ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी केलं की पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज जातो, ६०ला थोडी भर आणि ३ ते ५ हजारांत टोक मिळतं. स्नेअरचं अंग २००च्या आसपास, चटका ५ हजारांकडे. कॉम्प्रेसर (जोरदार आवाज दाबणारं साधन) लावायचा तर प्रमाण चारास एक, अटॅक (दाबायला सुरुवात व्हायला लागणारा वेळ) २०-३० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे काडीचा पहिला ठोका सुटून जातो आणि मागचा भाग धरला जातो. त्याहून कमी अटॅकने ठोकाच चेपला जातो. वरच्या माइकचा खालचा भाग सरसकट कापून टाकू नका. या मांडणीत टॉमचं शरीर तिथेच आहे.

माइक काढायच्या आधी शेवटचं एक काम. खोली शांत करून प्रत्येक ड्रम आणि प्रत्येक सिम्बल वेगळा वाजवा, हलका, मध्यम आणि जोरात असे तीन-चार ठोके, प्रत्येक वेळी गुंज पूर्ण विरू द्या. नंतर टेकमधला एखादा ठोका फसलेला निघाला तर त्याच किटचा, त्याच खोलीतला ठोका तिथे बसवता येतो. त्यानंतर दहा सेकंद रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग घ्या. ट्रॅकना ‘किक’, ‘स्नेअर’, ‘वर’, ‘बाजू’ अशी नावं द्या, सगळ्या फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होतील अशा बाहेर काढा, सोबत टेम्पो लिहून ठेवा आणि स्टँड मोडायच्या आत दुसऱ्या डिस्कवर एक प्रत उतरवून घ्या.